तीन पडद्यांचे माप

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संतशिरोमणी नामदेव महाराजांस वंदन करून आपल्या आज्ञेप्रमाणे मी चार शब्द बोलण्यास उभा आहे. चिटणीससाहेबांनी विषय नेमून दिला तो असा: संगणक, दूरचित्रवाणी आणि मोबाईल यांवर माणसाशी संवाद करणारे सॉफ्टवेअर कसे घडवितात. विषयाचे नाव लांबलचक झाले आहे खरे, परंतु त्याचा दोष चिटणीससाहेबांकडे जात नाही. ज्या वस्तूस घरातील लहानथोर दिवसाकाठी शंभर वेळा हात लावतात, तिला विद्वानांनी ‘परस्परसंवादी आज्ञावली’ असे भारदस्त नाव दिले. पण ते अद्याप कोणाच्या जिभेवर रुळलेले नाही. मीही ते पुन्हापुन्हा उच्चारून आपणांस शिणविणार नाही.

या व्यवसायात मी तीस वर्षांहून अधिक काळ घालविला. आरंभी कार्यालयांतील संगणकांसाठी, मधली काही वर्षे दूरचित्रवाणीच्या सेट-टॉप बॉक्ससाठी आणि त्यानंतर मोबाईलसाठी मी काम केले. तथापि आज येथे उभा राहिलो आहे तो केवळ त्या अनुभवाच्या बळावर नव्हे. गतवर्षी आपल्या समाजाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज मोबाईलवरून भरण्याची जी सोय झाली, ती मी केली होती. तीत काय चुकले याचा जबाब आपणांसमोर देणे मला अवश्य वाटते. तो जबाब नीट समजावा म्हणून आधी या धंद्याची थोडी माहिती सांगतो.

बार्शीस आमच्या वडिलांचे शिवणकामाचे दुकान होते. माप घेताना ते टेपेवरील आकडे वहीत मांडीत, आणि त्या आकड्यांच्या शेजारी बारीक अक्षरांत आणखी काही टिपून ठेवीत. “उजवा खांदा उतरता.” “पोट पुढे.” एका गिऱ्हाइकाच्या नावापुढे त्यांनी लिहिले होते, “सायकल चालवितो.” मी लहान होतो. मी विचारले, “तात्या, सायकलीचा नि सदऱ्याचा काय संबंध?” तात्या म्हणाले, “अरे, दोन्ही हात पुढे धरून तासभर वाकून बसतो तो. पाठीत सैल ठेवला नाही, तर मुंढ्याशी उसवेल.” मनुष्य दुकानात ताठ उभा राहतो तेव्हा घेतलेले माप तो कामाला लागला की खोटे ठरते, हे त्या वहीत मी प्रथम पाहिले. पुढे माझ्या धंद्यात जे काही शिकलो ते बहुतेक याच एका नोंदीचा विस्तार होता.

आता मूळ विषयाकडे वळतो. संगणक प्रथम आले तेव्हा त्यांच्याशी संवाद असा काही नव्हताच. छिद्रे पाडलेल्या पत्त्यांचा गठ्ठा खिडकीतून आत द्यावयाचा आणि उत्तर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी घेऊन जावयाचे, अशी रीत होती. एक स्वल्पविराम चुकला असेल तर तेवढेच कळावयाचे आणि पुन्हा रांग धरावयाची. कापड टाकले, माप दिले, मध्ये अंगावर घालून पाहणे नाही. एकदम शिवलेला कपडा हाती. या रीतीस मोठा छेद दिला तो अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील आयव्हन सदरलंड या विद्यार्थ्याने. १९६३ साली सादर केलेल्या प्रबंधात त्याने ‘स्केचपॅड’ नावाची आज्ञावली वर्णिली. प्रकाशलेखणी काचेवर टेकवून रेषा काढावी आणि ती त्याच क्षणी पडद्यावर उमटावी, अशी ती किमया होती.

त्यानंतर ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील संगणक परिषदेत डग्लस एंगलबार्ट यांनी सुमारे दीड तासाचे एक प्रात्यक्षिक केले. आज ज्यास आपण माउस म्हणतो ते उपकरण त्या दिवशी लोकांनी प्रथम मोठ्या सभेत चालताना पाहिले. त्याचा पहिला नमुना लाकडी ठोकळ्यातून केला होता. मला त्या प्रात्यक्षिकातील एक साधी गोष्ट विशेष आवडते. एवढा मोठा शास्त्रज्ञ सभेपुढे यंत्राची शक्ती दाखवितो आहे, आणि उदाहरण म्हणून घेतो काय, तर बाजारातून आणावयाच्या जिनसांची यादी! ती यादी त्यांनी पडद्यावर लिहिली, जिनसा वर-खाली हलविल्या, त्यांचे गट पाडले. गणिताचे अवघड कोडे त्यांना तेथे दाखविता आले नसते असे नाही. परंतु मनुष्य यंत्राशी बोलणार आहे तो आपल्या रोजच्या गरजांविषयी, हे त्यांनी ओळखले होते.

त्याच परिषदेच्या ग्रंथात रॉबर्ट मिलर यांचा एक निबंध छापलेला आहे. प्रश्न असा की, माणसाने कळ दाबली तर यंत्राने किती वेळात उत्तर द्यावे? त्या निबंधापासून पुढे या धंद्यात तीन मापे रूढ झाली. सेकंदाच्या दहाव्या हिश्शात उत्तर आले तर आपण स्वतः ती गोष्ट केली असे माणसास वाटते. एक सेकंदापर्यंत विचाराची साखळी तुटत नाही. दहा सेकंदांनंतर मात्र मन दुसरीकडे जाते. आपल्या घरचाच अनुभव घ्या. हाक मारली आणि आतून ताबडतोब “ओ” आली, की काम अर्ध्या तासाने झाले तरी माणूस स्वस्थ बसतो. हाकेला ओ आलीच नाही, तर तो पुन्हा हाक मारतो, मग ओरडतो, आणि शेवटी उठून आत जातो. पडद्यावरील कळ पाच वेळा दाबणारा मनुष्य उतावीळ नसतो. त्याला कोणी ओ दिलेली नसते.

ही ओ देण्याची व्यवस्था आज्ञावलीत कशी करतात? दुकानाचाच दृष्टांत देतो. मालक गल्ल्यावर बसलेला असतो. गिऱ्हाईक आले की त्याने मान वर करून “या, बसा” म्हणावे, माप घ्यावे, आणि कापड आतल्या यंत्रावर पाठवून पुन्हा दाराकडे लक्ष द्यावे. तोच मालक जर गल्ल्यावर खाली मान घालून काज करीत बसला, तर दारात उभी असलेली चार माणसे परत जातील. संवादी आज्ञावलीतही असा एक गल्ला असतो. स्पर्श झाला, कळ दाबली, रिमोटचा बाण आला, फोन वाजला, अशा प्रत्येक घटनेची तो वाट पाहत असतो आणि घटना आली की पडदा बदलतो. पडदा बहुधा सेकंदास साठ वेळा नव्याने रंगतो. म्हणजे दर खेपेस गल्ल्यावरच्या माणसास जेमतेम सोळा-सतरा सहस्रांश सेकंद मिळतो. हिशेब करणे, चित्र धाडणे, दूरच्या संगणकाकडून माहिती आणणे ही कामे आतल्या कारागिरांवर सोपवावी लागतात. नवशिका मनुष्य ती सारी गल्ल्यावरच उरकू पाहतो. ॲन्ड्रॉइड मोबाईलवर एखादी आज्ञावली पाच सेकंद स्पर्शास उत्तर देईनाशी झाली, की ‘प्रतिसाद मिळत नाही, बंद करू काय?’ असे मोबाईलच विचारतो, ते आपण पाहिले असेल. तेथे मालक काज करीत बसला आहे असे समजावे.

येथवर जे सांगितले ते तिन्ही पडद्यांस सारखेच लागू आहे. मात्र हे तीन पडदे म्हणजे एकाच अंगाचे लहान-मोठे माप नव्हे. पोराचा सदरा मोठा केला म्हणजे म्हाताऱ्याचा होत नाही, हे या सभागृहात कोणास सांगावयास नको.

संगणकापुढे मनुष्य हातभर अंतरावर, एकटा, बहुधा खुर्चीवर बसलेला असतो. माउसचे टोक सुईसारखे बारीक असते, म्हणून तेथे बारीक काम खपते. तरी त्यालाही नियम आहे. १९५४ साली पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने लोकांच्या हाती लेखणी देऊन त्यांना धातूच्या दोन पट्ट्यांवर आळीपाळीने टोचे मारावयास लावले. पट्ट्या जितक्या दूर आणि जितक्या अरुंद, तितका वेळ अधिक, असे त्यात दिसले. आणि त्याने त्याचे गणितच मांडून दिले. वारंवार लागणारी कळ मोठी आणि जवळ असावी, हा शहाणपणा तेथून आला. पुसून टाकण्याची कळ साठवण्याच्या कळीला खेटून ठेवणारे लोक अजूनही आहेत, त्यांस काय म्हणावे!

दूरचित्रवाणीविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण ते काम फार थोड्यांनी आतून पाहिले आहे. हा पडदा दहा फुटांवर असतो. समोर सारे घर बसलेले. हाती रिमोट, आणि त्यावर बोट दाखविण्याची सोय नाही. फक्त वर, खाली, डावे, उजवे आणि मध्ये ‘ठीक’. म्हणजे आपण आत्ता कोठे आहोत हे पडद्याने उजळून दाखविले नाही, तर प्रेक्षक अंधारात चाचपडतो. रिमोटने नाव लिहावयाचे म्हणजे एकेका अक्षरासाठी पाच-सहा पावले चालावयाची. त्यामुळे तेथे लिहावयास लावू नये, निवडावयास द्यावे.

या माध्यमातील संवादाचा इतिहास मोठा मौजेचा आहे. ब्रिटनमध्ये बी.बी.सी.ने २३ सप्टेंबर १९७४ रोजी ‘सीफॅक्स’ सुरू केले. चित्र पाठविताना ज्या काही ओळी रिकाम्या राहत, त्यांतून अक्षरांची पाने धाडावयाची अशी ती युक्ती. पान म्हणजे २४ ओळी, आणि ओळीत ४० अक्षरे. प्रेक्षकाने पानाचा तीन आकडी क्रमांक दाबला की थोड्या वेळाने ते पान येई. प्रेक्षकास वाटे की आपण मागितले आणि बी.बी.सी.ने दिले. वास्तविक त्याची मागणी घराबाहेर जातच नसे! सगळी पाने एकामागून एक अखंड फिरत असत. घरचा संच हवे ते पान समोरून जाताना उचलून घेई. आपल्या पंगतीचेच पाहा ना. कोशिंबीर हवी असली तरी वाढप्याची पुढची फेरी येईपर्यंत पान धरून बसावे लागते. म्हणून सूचीसारखी वारंवार लागणारी पाने एका फेरीत अनेक वेळा सोडीत, जसा वरण-भाताचा वाढपी सारखा फिरतो आणि लोणच्याचा एखादवेळच दिसतो. २०१२ च्या ऑक्टोबरात सीफॅक्स बंद झाले. परंतु पुढील काळच्या सेट-टॉप बॉक्समध्येही, परतीची वाट नसेल तेथे, संपूर्ण आज्ञावलीच अशी फेऱ्याफेऱ्यांनी आकाशातून वाढली जात असे. मी जेव्हा ते काम करी, तेव्हा माझी अर्धी अक्कल कोणता पदार्थ किती वेळा फिरवावा यातच खर्च होई.

आणखी एक गोष्ट. जुन्या नळीच्या संचांत चित्राची कड चौकटीखाली झाकली जाई, आणि किती झाकली जाईल हे दर संचात निराळे. म्हणून अक्षरे चारी बाजूंनी सुमारे दहावा हिस्सा आत घ्यावीत असा दंडक होता. आपण शिवणीला माया सोडतो तीच ही. इंग्रजी अक्षरांपुरती बेतलेली ओळ मात्र देवनागरीस पुरत नाही. वरची वेलांटी आणि खालचा ऊकार दोन्ही कापले जातात. परदेशातून आलेल्या चौकटीत मराठी नावे बसविताना ‘पूजा’चा ऊकार तुटलेला मी किती वेळा पाहिला असेल! चौकट आमची नव्हती, आणि तिच्या वरखाली माया सोडलेली नव्हती.

दूरचित्रवाणीवर प्रेक्षकाने बोलावे म्हणून पुष्कळांनी खटपट केली. अमेरिकेतील कोलंबस शहरात १९७७ साली ‘क्यूब’ नावाची केबल सेवा निघाली. तीत घरबसल्या मत देण्यासाठी पाच कळा होत्या. ती फार वर्षे चालली नाही. आपल्याकडे २००० साली सुरू झालेल्या ‘कौन बनेगा करोड़पती’ने सहभागासाठी टेलिफोनचा आधार घेतला, आणि २०१७ पासून कार्यक्रम चालू असतानाच मोबाईलवर उत्तरे देण्याची सोय झाली. यात मोठे मर्म आहे. मोठा पडदा सर्वांनी मिळून पाहावयाचा आणि लहान पडद्यावर ज्याने त्याने बोलावयाचे, अशी वाटणी लोकांनी आपली आपणच करून घेतली.

आता तिसरा पडदा. ‘आयफोन’ २००७ साली आला, ॲन्ड्रॉइडचा पहिला फोन २००८ साली, आणि सुईच्या जागी अंगठा आला. अंगठा जाड असतो, शिवाय ज्या कळीवर टेकतो तिलाच झाकतो. ॲन्ड्रॉइडच्या मार्गदर्शक नियमांत कळीचा आकार सुमारे ९ मिलिमीटर असावा असे सांगितले आहे. म्हणजे सदऱ्याच्या बटणाहून किंचित लहान. तथापि मोबाईलचे खरे माप अंगठ्याचे नव्हे. तो उन्हात, एस.टी.च्या फलाटावर, कडेवर मूल घेऊन वापरला जातो. काम अर्ध्यावर असताना फोन वाजतो. रेंज जाते. बॅटरी संपते. आणि पुष्कळ घरांत तो एका माणसाचा नसतोच. दिवसभर वडिलांच्या खिशात असतो आणि रात्री आठनंतर मुलांच्या हाती लागतो. संगणकावर काम करणारा मनुष्य सदरा घालून ताठ उभा असतो असे म्हणता येईल. मोबाईलवाला सायकलीवर बसलेला असतो.

इतके सांगून झाल्यावर यंत्राच्या मौनाविषयी बोलले पाहिजे. आमच्या धंद्यात शिकविला जाणारा सर्वांत दारुण प्रसंग ‘थेरॅक-२५’ या किरणोपचार यंत्राचा आहे. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात अमेरिका व कॅनडा येथील सहा रुग्णांस त्या यंत्राने नेमल्याहून कितीतरी पटींनी अधिक किरण दिले, आणि त्यांतील किमान तिघे त्यामुळे दगावले. जुन्या यंत्रांत अशा वेळी प्रवाह तोडणारे स्वतंत्र अडसर होते; येथे बहुतेक भिस्त आज्ञावलीवर ठेवली होती. १९८६ साली टेक्सासमधील टायलर गावी यंत्र चालविणाऱ्या बाईंच्या हातून एक अक्षर चुकले. त्या सरावलेल्या होत्या. त्यांनी झटकन वर जाऊन ते दुरुस्त केले. पडद्यावर दुरुस्ती दिसली. आत मात्र यंत्राचे चुंबक जागेवर येण्यास आठ सेकंद लागत, आणि त्या अवधीत केलेली दुरुस्ती आज्ञावलीच्या ध्यानातच आली नाही. मग पडद्यावर ‘बिघाड ५४’ एवढीच अक्षरे उमटली. चोपन्न म्हणजे काय, हे त्यावरून उमगण्यास मार्ग नव्हता. असले आकडे रोजच येत आणि ‘पुढे चालू’ची कळ दाबली की काम पुढे जाई, म्हणून त्यांनी ती कळ दाबली. त्या बाईंस दोष देण्यास माझी जीभ धजत नाही. पडदा एक सांगत होता, यंत्र दुसरे करीत होते, आणि चुकले तेव्हा काय चुकले हे बोलण्याचे सौजन्य त्यात कोणी शिवलेले नव्हते.

आपल्या शिष्यवृत्तीच्या अर्जाने कोणाचा जीव घेतला नाही. परंतु दोष त्याच जातीचा होता, म्हणून तो प्रसंग आधी सांगितला.

गतवर्षी अर्जांची मुदत संपली तेव्हा आलेल्या अर्जांत शहरांतील मुले पुष्कळ आणि तालुक्यांतील व खेड्यांतील फारच थोडी, असे दिसले. समितीच्या बैठकीत कोणी म्हणाले, “खेड्यांतल्या पालकांना आस्थाच नाही, सोय करून दिली तरी अर्ज भरत नाहीत.” मी त्या बैठकीस हजर होतो. मी काही बोललो नाही. अर्ज माझ्या मोबाईलवर चार मिनिटांत भरून होत होता, त्यामुळे मलाही ते खरे वाटले.

दिवाळीनंतर एका तालुक्याच्या गावी नात्यातील लग्नाला गेलो असता समाजातील एक भगिनी भेटल्या. पती निवर्तले आहेत. घरी ब्लाउज शिवून दोन मुली शिकवितात. थोरलीने अर्ज का केला नाही असे मी विचारले. त्या म्हणाल्या, “केला होता की, भाऊ. चार वेळा केला. माझंच काहीतरी चुकत असंल. मला मोबाईलमधलं कळत नाही.” मी म्हणालो, “ताई, तसाच्या तसा पुन्हा भरून दाखवता का?” मुदत संपली होती, तरी पाने उघडत होती. मी शेजारी बसलो. तोंड उघडावयाचे नाही असा निश्चय केला. तो पाळणे किती कठीण होते ते सांगता येत नाही.

पहिल्याच पानावर जन्मतारखेसाठी पंचांगासारखा तक्ता आला, तो चालू महिन्याचा. मुलगी सतरा वर्षांची. तेवढे मागे जाण्यासाठी त्या माउलीने महिना महिना करीत दोनशेच्या वर टिचक्या मारल्या. वर्षाच्या आकड्यावर टिचकी मारली की वर्षांची यादी उघडते, हे तिला सांगणारे तेथे काही नव्हते. मला ते ठाऊक होते, कारण मीच ते बसविले होते. पुढे आजोळच्या गावाचा रकाना होता. तिने ‘कऱ्हाड’ लिहिले. अर्ज म्हणाला, ‘अयोग्य अक्षर’. आपल्या ‘ऱ्ह’मधील तो अर्धा र काही कळफलकांवर लिहिताना अक्षरांच्या मध्ये न दिसणारे एक जोडचिन्ह पडते. मी लावलेल्या पहारेकऱ्याने ते चिन्ह परके समजून अडविले होते. मराठी माणसाने मराठी समाजासाठी केलेल्या अर्जात कऱ्हाडला मज्जाव! तिने ते खोडून ‘कराड’ लिहिले आणि पुढे गेली. त्यानंतर वडिलांचे वार्षिक उत्पन्न. तिने शून्य लिहिले. शून्य चालेना, कारण रकाना रिकामा राहू नये म्हणून मी ‘शून्याहून अधिक’ अशी अट घातली होती. चूक काय ते अर्जाने सांगितले नाही. खालची ‘पुढे’ची कळ तेवढी फिकट राहिली. तिला वाटले, रेंज गेली. ती अंगणात जाऊन आली. इतक्यात एक गिऱ्हाईक आले, तिने मोबाईल खाली ठेवला, ब्लाउजची बाही दुरुस्त करून दिली. परत येऊन पाहते तो पंधरा मिनिटे उलटली होती आणि सुरक्षिततेच्या नावाखाली अर्ज आपोआप बंद होऊन पहिल्या पानावर गेला होता. ती पंधरा मिनिटांची अट मी पूर्वीच्या नोकरीतील सवयीने घातली होती. शिष्यवृत्तीच्या अर्जात कोणता चोर काय चोरणार होता, याचा विचार मी केलाच नाही.

तेथे भिंतीशी पाच-सहा ब्लाउज टांगलेले होते. गिऱ्हाइकाला ब्लाउज दंडात घट्ट झाला, तर ही बाई ‘तुमचा दंड चुकला’ असे कधी म्हणाली नसती. तिने शिवण उसवून माया सोडली असती. आणि माझा अर्ज तिला बसला नाही, तेव्हा ती मला म्हणाली, “माझंच चुकत असंल.”

घरी येऊन मी नोंदी उघडून पाहिल्या. ज्यांनी पहिले पान भरून साठविले त्यांचे नाव, गाव आणि मोबाईल क्रमांक दूरच्या संगणकावर उरतात. अर्धेच राहिलेले कितीतरी अर्ज तेथे पडून होते. काही उत्पन्नाच्या रकान्यापाशी थांबलेले. काही गुणपत्रिकेचे छायाचित्र चढविताना तुटलेले, कारण मोठे छायाचित्र कमी रेंजवर चढता चढेना आणि तुटले की आरंभापासून करावे लागे. एका विद्यार्थ्याने तर सात निरनिराळ्या दिवशी यत्न केला होता, रोज रात्री नवाच्या सुमारास. आस्था नसलेली मंडळी ती हीच.

या वर्षीच्या अर्जात मी पुढील बदल केले आहेत. प्रत्येक रकाना भरताच आपोआप साठतो. मोबाईल बंद पडला, दुसऱ्याच्या हाती गेला, चार दिवस लोटले, तरी तेथूनच पुढे चालू करता येते. जन्मतारीख आकड्यांनी लिहावयाची आहे. पालक आई असो, आजी असो, मामा असो, तसे लिहिता येते आणि शून्यही लिहिता येते. छायाचित्र आधी मोबाईलवरच लहान केले जाते. कळ फिकट असेल तर तिच्यावर बोट टेकताच कोणत्या रकान्यात काय हवे ते साध्या मराठीत येते. आणि कागदी अर्जही चालू राहील. तो मी मागील वर्षी बंद करावयास लावला होता, ती माझी घमेंड होती.

तरीही मला स्वतःचा भरवसा नाही. आपण पक्की शिलाई मारण्यापूर्वी कच्ची टीप घालून कपडा अंगावर चढवून पाहतो, तसे येथे करावयाचे आहे. अर्ज खुला होण्यापूर्वीच्या दोन रविवारी कार्यालयात निरनिराळ्या गावांची कुटुंबे स्वतःचा, रोजच्या वापरातला, काच तडकलेला असेल तर तसाच मोबाईल घेऊन यावीत. महाविद्यालयातील जी मुले-मुली संगणकशास्त्र शिकत आहेत, त्यांनी शेजारी बसावे. मुलांनो, तुम्ही एकच करावयाचे: बोलावयाचे नाही, हात लावावयाचा नाही, अंगठा कोठे अडखळतो तेवढे वहीत लिहावयाचे. पडद्यावर चित्रे हलविण्याची विद्या तुम्हांस वर्षभरात येईल. मुकाट्याने शेजारी बसण्यास अधिक दिवस लागतात. आणि पालकहो, या धंद्यात पगार किती एवढेच आपण मला विचारता. आपली मुलगी आजीला मोबाईल समजावताना चिडते की थांबते, तेही एकदा पाहून ठेवा. मी नोकरीसाठी मुले निवडीत असे तेव्हा तेच पाहत असे.

आता अध्यक्षमहाराजांस एक विनंती करतो. गतवर्षी ज्यांचे अर्ज अर्धवट राहिले, त्यांत काही मुले बारावीची होती. नियमाप्रमाणे यंदा ती अपात्र ठरतात. त्यांचा अर्ज समितीने नाकारलेला नाही. तो समितीपर्यंत पोहोचलाच नाही, आणि तो माझ्या हातच्या कामामुळे पोहोचला नाही. या मुलांस एक वर्षाची सवलत देऊन गतवर्षीचेच अर्जदार समजावे, असा ठराव आजच्या सभेने करावा. नावे, गावे आणि अर्ज कोणत्या पानावर थांबला याची यादी मी कागदावर उतरवून आणली आहे. ती मी चिटणीससाहेबांच्या हाती देतो आणि आपली रजा घेतो.